भरलेले साचे

१

चौथ्या पट्टीवर थेंब पडला, पडद्यावरचा आलेख जरासा थरथरला आणि होता तिथेच बसून राहिला. दिल्लीहून आलेल्या समितीच्या अध्यक्षांनी जांभई दाबली. डॉ. मोतीराम आहेरांनी उरलेल्या पट्ट्यांना हातही न लावता डबी मिटली आणि पाहुण्यांदेखत जाहीर करून टाकलं, "यात कोणीतरी घात केलाय."

२००९ सालच्या एप्रिलमधला तो सोमवार. नाशिकच्या त्या कॉलेजच्या रसायन विभागाने तीन वर्षं ज्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या, ते अर्ध्या तासात मातीत गेलं.

मागच्या बाकावर डॉ. छाया मंडलिक बसल्या होत्या. भौतिकशास्त्र विभागाच्या प्रमुख. त्यांचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. आल्या आल्या त्यांना दिसलं होतं की आपल्या विभागाच्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशाचे रंग मोजायच्या यंत्रात, कोणीतरी द्रव ठेवायची पेटी काढून काचपट्टीचा स्टँड बसवला आहे आणि तसाच ठेवून दिला आहे. एम.एस्सी.च्या पोरांना त्यांनी फैलावर घेतलं. पोरं शपथेवर नाही म्हणाली. पोरं नेहमीच नाही म्हणतात, असं म्हणून बाई तणतणत या कार्यक्रमाला येऊन बसल्या होत्या, आणि इथे हा तमाशा.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. आहेर सर पोलिसांत जायचं म्हणताहेत, पोलीस आले की पेपरवाले येणार, तेव्हा मॅडम, तुम्हीच जरा बघा, तुम्हाला यातलं कळतं, असा एकूण सूर होता. छायाबाई म्हणाल्या की माझ्याकडे तपासायचे पेपर पडलेत, शिवाय हे काम माझं नाही. प्राचार्य म्हणाले की आहेर सरांचा संशय त्यांच्याच संशोधक विद्यार्थ्यावर, स्वराज गावितवर आहे, गुरुवारच्या बैठकीत ते त्याची पीएच.डी.ची नोंदणी रद्द करायला लावणार.

"पुरावा?" बाईंनी विचारलं.

"तो तुम्ही शोधायचा," प्राचार्य म्हणाले. "किंवा नाही, हे तरी."

मंगळवारच्या पेपरात आतल्या पानावर बातमी आलीच. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सोने गायब. सकाळपासून छायाबाईंच्या नणंदेचे, दिराचे, दूधवाल्याचे फोन आले. कितीचं गेलं हो, असं प्रत्येकजण विचारत होता. गेलं काहीच नाही आणि आठही पट्ट्यांवरचं सोनं एकत्र केलं तरी त्यात नाकातली चमकी व्हायची नाही, हे सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला.

२

पट्ट्या साध्याच दिसायच्या. बोटाएवढी काच, तिच्यावर जांभळट झाक. ती झाक म्हणजे सोन्याच्या अतिसूक्ष्म काड्या. इतक्या बारीक की सोनं आपला पिवळेपणाच विसरतं. त्यांच्यावर पॉलिमरची तलम साय. ती साय घट्ट होताना तिच्यात विंचवाच्या विषातल्या पेप्टाइडचे रेणू मिसळायचे आणि नंतर धुऊन काढायचे. रेणू निघून जातात, त्यांच्या आकाराचे साचे मागे राहतात. पुढे कधी तोच रेणू पट्टीवर आला की नेमका त्या साच्यात जाऊन बसतो आणि सोन्याचा रंग किंचित तांबड्याकडे सरकतो. डोळ्याला ते कळत नाही. स्पेक्ट्रोमीटरला कळतं, आलेखाचं शिखर उजवीकडे जातं.

आहेरांचं स्वप्न असं होतं की सुरगाण्यासारख्या आडभागातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात काहीतरी चावलेलं, बोलता न येणारं पोर आणलं, तर डॉक्टरला विंचू की साप हे चटकन कळावं. स्वप्न चांगलंच होतं. माणूस कटकट्या होता.

"स्वराजच," आहेर म्हणाले. "शनिवारी एक पट्टी त्याने तपासली, उत्तम चालली. त्याच खेपेला बनवलेल्या या आठ त्यानेच डबीत भरून स्टोअरमध्ये ठेवल्या. मी शनिवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत नामपूरला पुतणीच्या लग्नात. आमची प्रयोगशाळा माझ्या कुलपात, किल्ली माझ्या खिशात. पण स्टोअर सामायिक, त्याची किल्ली सगळ्यांकडे. शोधनिबंधावर मी त्याचं नाव तिसरं टाकलं, तेव्हापासून त्याचं तोंड वाकडं आहे."

"नाव तिसरं का टाकलंत?"

आहेर चिडले की त्यांच्या तोंडात नामपूरची अहिराणी यायची. "हाई काय शे आता? चौकशी त्याची का माझी?"

स्वराज होस्टेलच्या खोलीत सामान बांधून बसला होता. सुरगाण्याकडचा, सडपातळ, बोलायला मोजका. तो म्हणाला की रविवारी तो पंचवटीत मावसभावाकडे होता, पण भाऊच तो, त्याची साक्ष कोण धरणार. रागाचं विचारल्यावर त्याने राग असल्याचं सरळ कबूल केलं. "राग नावाचा आहे, मॅडम. पट्ट्यांवर कशाला काढू? त्या मीच बनवल्यात."

छायाबाईंनी त्याला एकच प्रश्न आणखी विचारला. थेंब टाकण्याआधी शिखर कुठे होतं, हे सोमवारी कोणी पाहिलं का?

स्वराजने आठवून पाहिलं. मग म्हणाला, "नाही. सगळे फक्त सरकतं किती तेच बघत होते."

बाईंनी कपाळाला हात लावला. पावणेदोन डझन पदव्या जमल्या होत्या त्या खोलीत, आणि गाडी कुठून निघाली हे न बघताच ती हलली नाही म्हणून सगळे रडत बसले होते.

सुदैवाने कॉम्प्युटरने सुरुवातीचे आलेख जपून ठेवले होते. वापरलेल्या चार पट्ट्यांचे ते आलेख बाईंनी काढले, उरलेल्या चार पट्ट्या स्वतः तपासल्या आणि आठही डबीतल्या क्रमाने एका ओळीत मांडल्या. पहिलीचा आलेख गढूळ, धड वाचता येईना. भिंगाखाली तिच्या कडेला पुसट तपकिरी कडं दिसलं. दुसरी आणि तिसरी अगदी सारख्या, शिखर आधीच पार उजवीकडे जाऊन बसलेलं. चौथी जरा कमी. पाचवी, सहावी, सातवी क्रमाने आणखी कमी. आणि आठवी कोरी करकरीत. तिचं शिखर स्वराजने शनिवारी टिपलेल्या जागी तंतोतंत होतं. तिच्यावर सोमवारच्या द्रावणातला उरलेला थेंब टाकला तर ती शहाण्यासारखी चालली.

छायाबाई खुर्चीत मागे टेकल्या. पट्ट्या कोणी बिघडवल्याच नव्हत्या. साचे आधीच भरलेले होते. पट्ट्या कोणीतरी वापरल्या होत्या.

३

वापरायचं तर पेप्टाइड हवं. ते कॉलेजात एकाच ठिकाणी होतं, आहेरांच्या फ्रीजमधल्या कुपीत. सोमवारसाठी त्यांनी जुन्या कुपीतलं शेवटचं वापरलं होतं आणि नवी कुपी जशी आली तशी सीलबंद होती. मग रविवारी या पट्ट्यांपर्यंत विष आलं कुठून?

आहेरांनी ऐकल्याबरोबर टाळी वाजवली. स्वराज सुरगाण्याचा, तिकडे दगडागणिक विंचू, त्याने घरून आणलं असणार. बाईंनी त्यांना विचारलं की तो काय विंचू खिशात घालून जीपमधून आला का. आहेरांना तेही अशक्य वाटत नव्हतं.

दुसरा संशय दिशा खैरनारवर होता. ती आहेरांचीच सहायक, हुशार आणि फटकळ. मुंबईच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली आहे, ही बातमी तिच्याआधी कॉलेजला कळली होती. पॉलिमरची कृती विकायला नेली असेल, अशी कुजबुज होती. दिशाने हात जोडले. कृती तिला पाठ आहे, त्यासाठी पट्ट्या कशाला चोराव्या लागतील, आणि चोरल्याच असत्या तर परत कशाला आणून ठेवल्या असत्या? रविवारी ती पुण्यात होती, आणखी एका मुलाखतीला. तिकीट दाखवू का, असंही तिने विचारलं. बाई म्हणाल्या, राहू दे बाई.

मग त्या संतोषकडे गेल्या. डॉ. संतोष काकड त्यांच्याच विभागातला, एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी, मखमलाबादच्या बागायतदार घरातला. त्याच्याकडे जाणं ही चौकशी नव्हतीच, वैतागलेल्या माणसाने हक्काच्या माणसाकडे चहा प्यायला जावं तसं ते होतं. आहेरांच्या प्रकल्पाला सगळ्यात कडाडून विरोध केला होता तो संतोषनेच. कॉलेजच्या नीतिसमितीत बसून त्याने अट घालून घेतली होती की रीतसर परवानगीशिवाय माणसाच्या रक्ताचा थेंबही या पट्ट्यांना लागता कामा नये. आहेर तेव्हापासून त्याच्याशी बोलत नव्हते.

"तुम्ही कशाला या भानगडीत पडलात, मॅडम?" तो म्हणाला. त्याचे डोळे तारवटलेले होते, झोप झालेली दिसत नव्हती. पट्ट्या अजून खेळणंच आहे, असं तो सांगत राहिला. समितीसमोर खारट पाण्यात पेप्टाइड मिसळून दाखवणं सोपं. खरं रक्त घेतलं की त्याचा तांबडेपणा सगळा आलेख खाऊन टाकतो, वर त्या सायीच्या कडेला वाळून कडं धरतं ते वेगळंच. आधी सीरम वेगळं करायला हवं, तेव्हा कुठे पट्टी नीट वाचता येते. बाईंनी मान डोलावली, चहा संपवला आणि स्वराजचं काय करायचं ते विचारलं.

"त्याला काही होऊ देऊ नका," संतोष म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

गेटपाशी सहादू वॉचमन भेटला. रविवारी कोण आलं होतं, असं त्याला आधीही दोनदा विचारून झालं होतं. त्याचं उत्तर तेच. "कोणी नाय आलं, मॅडम. बाहेरचं एक माणूस नाय."

स्कूटर सुरू करता करता छायाबाई थांबल्या.

"बाहेरचं नाही. आणि आतलं?"

सहादूला प्रश्नाचंच नवल वाटलं. "आतलं म्हंजी आपलेच काकड सर. पाच-सहा खेपा झाल्या त्यांच्या. त्यांना काय विचारायचं?"

४

बुधवारी सकाळी बाईंनी विभागाचं दार आतून लावून घेतलं आणि स्वतःशीच हिशोब मांडला. मन घेत नव्हतं, म्हणून त्यांनी मुद्दाम उलट बाजूने सुरुवात केली.

घात करायचा असता तर सगळ्या पट्ट्या सारख्या नासवल्या असत्या. आठवी सोडली नसती. दुसरी आणि तिसरी हुबेहूब सारख्या होत्या, म्हणजे एकच नमुना दोनदा तपासला होता. खात्री करून घ्यायची ही सवय अभ्यासकाची, वैऱ्याची नाही. त्यानंतर विष पायरीपायरीने उतरत गेलेलं. कुपीतलं विष आपण होऊन उतरत नाही. उतरतं ते माणसाच्या अंगातलं, औषध लागू पडल्यावर. कुणाला तरी विंचू चावला होता आणि कोणीतरी दिवसभर त्याच्या रक्तावर या पट्ट्यांनी नजर ठेवून होतं. शेवटची पट्टी उरली, कारण तिची गरजच उरली नाही.

पहिल्या पट्टीवर रक्त तसंच टाकलं गेलं. ती फसली. मग सीरम.

पट्टी वाचायला यंत्र लागतं. आहेरांचं यंत्र कुलपात आणि किल्ली नामपूरला. राहिलं ते बाईंच्याच विभागातलं, ज्याच्यावर सोमवारी सकाळी काचपट्टीचा स्टँड चढलेला होता. त्या खोलीच्या किल्ल्या दोघांकडेच. एक त्यांच्या पर्समध्ये होती.

आणि ते कडं. रक्त आलेख बिघडवतं, हे कुठलाही भौतिकशास्त्राचा माणूस घरबसल्या सांगेल. पण या सायीच्या कडेला ते वाळून कसं दिसतं, हे ज्याने पाहिलं तोच सांगणार. बाईंनी त्या कड्याबद्दल अजून कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

काल चहा पिताना हे कानावरून गेलं आणि आपण मान डोलावली, याचाच त्यांना जास्त संताप आला. आहेरांनी डोळे झाकून स्वराजला पकडलं. आपण तरी काय वेगळं केलं होतं? संतोषकडे आपण डोळे झाकूनच गेलो होतो.

त्यांनी त्याला फोन केला. "कुठे आहेस?"

पलीकडे एक लहान मूल रडत होतं. संतोषने हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

५

मुलगी अडीचेक वर्षांची होती. सलाइन काढलेल्या हाताला चिकटपट्टी, दुसऱ्या हातात बिस्किट. तिची आई नवसाबाई खाली जमिनीवर बसलेली. सुरगाण्याकडून दर हंगामाला काकडांच्या मळ्यात कामाला येणारी ती बाई, छायाबाईंना बघून पदर सावरून उभी राहिली. तिने सांगितलं ते एवढंच की रविवारी सकाळी पोर पेंढ्याच्या गंजीपाशी खेळत होती, एकदम किंचाळली, घामाने न्हाली, ओकायला लागली. साहेबांनी गाडीत घालून आणली. "साहेब नस्ते तं पोर नस्ती."

बाहेरच्या व्हरांड्यात संतोष सांगत गेला आणि बाई ऐकत राहिल्या. गंजीत त्याच आठवड्यात साप निघालेला. पोरीच्या पायावर ओरखडे, दंशाची खूण कुठली ते कळेना. डॉक्टरांचा कल विंचवाकडे होता, पण खात्री नव्हती. सापाची लस उगाच दिली तर तीच अंगावर यायची भीती, आणि न दिली आणि साप असला तर संपलंच. तेव्हा त्याला स्टोअरमधली डबी आठवली. ज्या पट्ट्यांना तो खेळणं म्हणत होता, त्यांच्यासाठी तो गाडी पिटाळत कॉलेजला गेला. पहिली पट्टी घाईत वाया घालवली. हॉस्पिटलमधून सीरम वेगळं करून आणलं, दोन पट्ट्या लावल्या, दोन्ही एकच बोलल्या. विंचू. त्याने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले की तुमच्या काचेवर मी औषध देणार नाही, पण मी दोनदा विचार करत होतो तो आता करत नाही. विंचवाची लस सुरू झाली. नंतर हॉस्पिटलने तपासणीला रक्त काढलं की त्यातला उरलेला थेंब घेऊन तो येत होता.

"मग सोमवारी सकाळी सांगितलं का नाहीस?"

"पट्ट्या पुसून ठेवल्या होत्या. मला वाटलं, समितीसाठी ते ताज्या घेतील. आणि मग सर सगळ्यांसमोर घात घात म्हणायला लागले." त्याने कपाळ चोळलं. "अट मीच घातली होती, मॅडम. मीच मोडली. आणि कोणासाठी, तर आहेरांच्या पट्ट्यांसाठी. काय तोंडाने सांगणार होतो?"

छायाबाईंचा तीन दिवसांचा वैताग एकदम वर आला, पण आवाज चढला नाही.

"ती पोर बोलू शकत नव्हती, म्हणून तू धावलास. ते बरोबरच केलंस, मी असते तरी तेच केलं असतं. पण तुला तर बोलता येत होतं ना? तिकडे तो मुलगा सामान बांधून बसलाय."



"उद्याच्या बैठकीत मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "मी शेवटपर्यंत वाट बघेन. तू बोलला नाहीस, तर मग मी बोलेन, आणि त्यानंतर तुझ्याशी कधीच नाही."

६

गुरुवारी प्राचार्यांनी विषय काढायच्या आतच संतोष उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. काही झाकलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही.

आहेर लाल झाले. दिल्ली गेली, अनुदान गेलं, तीन वर्षं गेली, आणि हा माणूस आजवर मला नावं ठेवत होता, असं ते टेबलावर थापा मारत बोलत राहिले. मग मध्येच थांबले.

"सातवीचं शिखर कितीवर होतं?" त्यांनी विचारलं.

छायाबाईंनी आलेखांची चळत पुढे सरकवली. आहेरांनी चष्मा लावला. पाचवी आणि सहावीत इतका फरक का, लस कधी दिली, मधे नमुना का चुकवला, असे प्रश्न त्यांनी संतोषच्या अंगावर फेकायला सुरुवात केली. नमुना मी नाही, हॉस्पिटलने चुकवला, असं संतोष म्हणाला, तर आहेर म्हणाले की मग दुसरं बोट नव्हतं का. संतोषने त्यांना सांगितलं की अडीच वर्षांची पोर होती ती, टोमॅटो नव्हता. दोघे भांडायला लागले. प्राचार्यांनी हताशपणे बाईंकडे पाहिलं. परवानगीशिवाय मिळालेला हा एकही आलेख कुठे छापता येणार नव्हता, समितीला दाखवताही येणार नव्हता, आणि तीन वर्षांत या पट्ट्यांनी केलेलं सगळ्यात खरं काम तेच होतं. बाईंना हसावं की डोकं आपटावं कळेना.

बैठकीने संतोषला नीतिसमितीतून काढलं, वर्षभराची वेतनवाढ रोखली, आणि नवा प्रस्ताव डॉक्टरांना सोबत घेऊन रीतसर परवानगीने पाठवायचं ठरवलं. स्वराजविरुद्धचा विषय रद्द झाला. शोधनिबंधावर त्याचं नाव पहिलं येईल, असं आहेरांनी कोणी न विचारताच सांगितलं, तेही आलेखातून डोकं वर न काढता.

तेवढ्याने बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी संतोषला होस्टेलवर एकटं पाठवलं नाही, स्वतः सोबत घेऊन गेल्या.

स्वराज दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही. संतोषने माफी मागितली, अडखळत, पण सरळ त्याच्याकडे बघून. स्वराजने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मुलगी कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे. उद्या घरी सोडतील."

"ते फार चांगलं झालं, सर. पट्ट्या गेल्या त्याचं मला काही वाटत नाही, मी परत बनवीन. पण मंगळवारी आहेर सरांनी होस्टेलच्या पोरांसमोर मला विचारलं, विंचू कुठून आणलास. सगळे हसले. तुम्हाला तेव्हा माहीत होतं."



"हे मी विसरणार नाही, सर," स्वराज शांतपणे म्हणाला. मग छायाबाईंना त्याने वाकून नमस्कार केला आणि सामान सोडायला आत गेला.

जिना उतरताना संतोष म्हणाला की मॅडम, तुम्ही त्याला जरा समजावा ना. छायाबाई पुढे चालत राहिल्या.

"त्याला काय समजवायचंय?" त्या म्हणाल्या. "त्याचं बरोबर आहे."